धोतरा, भांग, अळंबी: या विषयावर लोकांना एकत्र बसवायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकमधले काही मित्र. वनस्पतींचे पारंपरिक उपयोग, त्यातही मनावर परिणाम करणाऱ्या वनस्पती आणि बुरशी, या विषयावर महिन्यातून एकदा लोकांना एकत्र आणायचं मनात आहे. व्याख्यान, रानातली फेरी, एखाद्या आदिवासी जाणकाराशी गप्पा, आणि लोकांची तयारी असेल तर शेवटी एक छोटं 'अनुभव-सत्र'. कायद्याची अडचण येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि अकोले, जुन्नर, इगतपुरी या पट्ट्यात बऱ्याच वर्षांपासून वनस्पती ओळखीच्या फेऱ्या आणि बैठका घेत आलो आहे. विषारी आणि नशा आणणाऱ्या वनस्पतींचा विषय मी टाळत नाही, उलट मुद्दाम घेतो. त्यामुळे तुमचा बेत ऐकून आनंद झाला. पण तुम्ही कायद्याचं विचारलंत, आणि मला वाटतं खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: ही बैठक नक्की कुणासाठी आहे?

अशा बैठकीला तीन प्रकारची माणसं येतात. काहींना झाडांची आणि त्यांच्या इतिहासाची मनापासून आवड असते. काहींनी इंटरनेटवर काहीतरी वाचलेलं असतं आणि माल कुठे मिळतो ते त्यांना शोधायचं असतं. तिसरी माणसं मागच्या खुर्चीवर गप्प बसतात. घरात मुलगा काहीतरी घ्यायला लागलाय, किंवा स्वतःच एकदा काही घेतलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे, आणि हे कुणाशी बोलायचं ते कळत नाही. माझ्या मते बैठकीची सगळ्यात जास्त गरज या तिसऱ्यांना असते. आणि शेवटी अनुभव-सत्र आहे असं कळलं की तीच सगळ्यात आधी गळतात. शिवाय जाणकार आजी येत नाहीत, कॉलेज सभागृह देत नाही, डॉक्टर नाव लावू देत नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो. अनुभव-सत्र काढून टाका. 'सध्या नको, पुढे बघू' असंही ठेवू नका, कारण ते 'पुढे' सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि प्रत्येक बैठकीवर त्याची सावली पडते. माझ्याकडे एक नियम आहे आणि तो मी दर वेळी सुरुवातीलाच मोठ्याने सांगतो: इथे कुणाच्याही तोंडात काहीही जाणार नाही. धोतऱ्याचं तर सोडाच, पण ओळखीच्या फेरीत कुरडूचं पानसुद्धा चावून बघायचं नाही. रानात वाढलेल्या माणसाला पान चावून बघायची सवय असते, आणि शहरातला माणूस त्याचं बघून तसंच करतो. पण त्या दोघांच्या ओळखण्यात वर्षांचं अंतर आहे. रानभाज्या खायच्याच असतील तर त्याचा दिवस वेगळा ठेवा, आणि त्या दिवशी भाजी निवडणारी आणि शिजवणारी बाई तीच असावी जी घरी दर पावसाळ्यात ती करते.

हा नियम कडक वाटेल, पण त्यामुळेच मोकळं बोलता येतं. तोंडात काही जाणार नाही हे ठरलं की भांगेवर, धोतऱ्यावर, मशरूमवर, मेक्सिकोतल्या पेयोटी निवडुंगावर, ॲमेझॉनमधल्या आयाहुआस्का या पेयावर, कशावरही आडपडदा न ठेवता बोलता येतं. पोलीस पाटील समोर बसला असला तरी.

आता सुरुवात. माझा आग्रह आहे की पहिली बैठक परदेशी नावांवर घेऊ नका. गणपतीच्या पत्रीवर घ्या. एकवीस पत्रींच्या यादीत धोतरा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. तिन्ही विषारी, आणि तिन्ही दर वर्षी लहान मुलांच्या हातात जातात. पत्रीची टोपली समोर ठेवून दीड तास कसा जातो कळत नाही. शमी कुठली आणि तिच्या नावाने बाजारात काय विकतात, आघाडा का, डोरलीचे काटे, मग हळूच कण्हेर. कण्हेरीचं विष हृदयावर काम करतं, आणि ते पान, फूल, मूळ, सगळीकडे आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पत्री तोडून झाल्यावर मुलं त्याच हाताने डोळे चोळतात, म्हणून हात धुण्याचा मुद्दा इथेच सांगायचा. मुलांना या बैठकीला जरूर बोलवा. आपल्याकडे शाळेच्या आवारातल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या आणि दवाखान्यात भरती झाली, अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. ज्यांना धोका आहे त्यांनाच ज्ञानापासून दूर ठेवणं मला पटत नाही.

धोतऱ्यापाशी मात्र थांबा. घाई करू नका. मी काय करतो ते सांगतो. काटेरी बोंड आधीच सुरीने उघडून ठेवतो. एका पांढऱ्या बशीत धोतऱ्याच्या बिया, दुसरीत सुक्या मिरचीच्या, आणि प्रत्येकाच्या हातात भिंग. नुसत्या डोळ्यांना दोन्ही जवळपास सारख्याच वाटतात. भिंगातून फरक दिसायला लागतो: मिरचीचं बी पातळ, पिवळसर, गुळगुळीत. धोतऱ्याचं जाड, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, अंगावर बारीक खळगे, आणि बाहेरच्या कडेला दुहेरी कंगोरा. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा फरक आजही शिकवतात, कारण अन्नात किंवा चहात धोतरा घालून प्रवाशाला लुटणं हा आपल्याकडचा फार जुना गुन्हा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातही चोर धोतरा कसा वापरतात याची नोंद आहे, आणि भांगेवरही प्रकरण आहे. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर या विषयाची लेखी चर्चा साडेचारशे वर्षं जुनी आहे, हे लोकांना ऐकायला आवडतं.

भिंगातून बघून झालं की मी लक्षणं सांगतो. तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं, नाडी धावतेय, लघवी अडलेली, आणि माणूस हवेतले न दिसणारे धागे बोटांनी ओढत बसलेला. हा परिणाम एक-दोन दिवससुद्धा राहतो, कारण धोतऱ्याने आतड्यांची हालचालच मंदावते आणि पोटातलं बी तिथेच रेंगाळतं. धोतरा घेतलेल्या माणसाला आपल्याला दिसतंय ते खरं नाही हे कळतच नाही, आणि नंतर त्यातलं फारसं आठवतही नाही. म्हणजे 'अनुभव' म्हणून जे काही शोधायला तो गेला, ते त्याच्या हाती लागत नाहीच. विषाचं प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक, एकाच झाडाच्या पाना-बियांगणिक बदलतं, त्यामुळे 'एवढ्याने काही होत नाही' हे वाक्य धोतऱ्याच्या बाबतीत कुणीच कधी खरेपणाने म्हणू शकत नाही. महादेवाला वाहतात म्हणून तो सौम्य असेल असा समज लोकांच्या मनात असतो. तो समज श्रद्धेला न दुखावता काढता येतो, कारण हलाहल पचवणाऱ्या देवाला वाहिलेली वनस्पती माणसाने खायची नसते हे गावातल्या आजीला सांगावं लागत नाही.

बुरशीची बैठक पावसाळ्यातच ठेवा, म्हणजे समोर नमुने असतात. इथे लोक 'मॅजिक मशरूम'च्या अपेक्षेने येतील, आणि तुम्ही त्यांना आधी विषारी अळंब्यांपाशी न्या. कोकण-गोव्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीची चव सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर वाढलेली माणसं ती ओळखतात, ते जागा, वेळ, वारूळ, देठाचं जमिनीत खोल गेलेलं टोक असं सगळं मिळून. पुण्या-नाशिकच्या लॉनवर उगवलेली मोठी पांढरी छत्री बघून तेच ओळखणं लावलं की घात होतो. हिरव्या बीजाणूंची एक छत्री अशीच लॉनवर, कुरणात येते, दिसायला देखणी असते आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवं करते.

तिची ओळख पटवायला बीजाणूंचा ठसा घ्यायला शिकवा. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद. छत्रीचा देठ कापून टोपी पडद्यांची बाजू खाली करून त्या दोन रंगांच्या सीमेवर ठेवायची, वर वाडगा पालथा घालायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी टोपी उचलली की कागदावर चक्रासारखा ठसा उमटलेला असतो: कुठे पांढरा, कुठे गुलाबीसर, कुठे गंजासारखा, कुठे जांभळट, आणि त्या लॉनवरच्या छत्रीचा मळकट हिरवा. लोक हे घरी जाऊन करतात, फोटो पाठवतात, आणि बुरशीकडे बघायची नजर बदलते. पण ठसा ही ओळखीची एक पायरी आहे, खाण्याचा परवाना नाही, हे त्याच बैठकीत सांगा. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळा होतो, किडे खातात म्हणजे चालेल, या सगळ्या समजुती खोट्या आहेत, हेही सांगा. पक्की ओळख हवी असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथल्या किंवा जवळच्या विद्यापीठातल्या बुरशीतज्ज्ञाला बैठकीला बोलावणं सर्वांत चांगलं.

आणि एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या सुरू झाल्या, तर ते साधं अपचन समजू नये. सर्वांत घातक अळंब्यांचं विष असंच उशिरा बोलतं. शिजवून ते जात नाही. उलट्या-जुलाब होतात, मग दिवसभर बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. उरलेली अळंबी कागदाच्या पिशवीत घेऊन मोठ्या रुग्णालयात जायचं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक आणि १०८ हे दोन्ही माझ्या प्रत्येक पत्रकावर छापलेले असतात. शेणावर उगवणाऱ्या छोट्या तपकिरी छत्र्या गोळा करायला निघालेल्या पोरांना हे ऐकवणं जास्त गरजेचं आहे, कारण लहान तपकिरी छत्र्यांमध्येच यकृत मारणारं तेच विष असलेल्या जातीही असतात.

आता कायदा. मी वकील नाही, तेव्हा तासभर स्थानिक फौजदारी वकिलाबरोबर बसाच. पण ढोबळ चित्र असं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते, पण महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते, त्यामुळे 'भांग चालते' असं समजून नमुन्याला पाला आणायचा नाही. फोटो आणि रेखाचित्रं पुरतात. मॅजिक मशरूममधलं सिलोसायबिन, पेयोटीतलं मेस्कॅलीन, आयाहुआस्कातलं डीएमटी, आणि एलएसडी हे सगळे एनडीपीएसच्या यादीत आहेत. नुसत्या मशरूमला त्यातल्या द्रव्याइतकंच धरायचं का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत एका जामीन अर्जात मशरूम म्हणजे नैसर्गिक बुरशी आहे, तिला मिश्रण म्हणता येणार नाही, असं म्हटलं. ते वाचून 'आता कायदेशीर झालं' असं सांगत फिरणारे तुम्हाला भेटतील. जामिनाचा आदेश म्हणजे परवानगी नव्हे, आणि जामिनासाठी अर्ज करायची वेळ आली याचा अर्थच आधी अटक झाली होती.

तुम्हाला आयोजक म्हणून लागू होणारी दोन कलमं लक्षात ठेवा. कलम २५: आपली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणं. कलम २९: चिथावणी आणि कट. म्हणजे कुणी बाहेरून घेऊन आला आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, तर प्रश्न त्याच्यापुरता राहत नाही, सभागृह देणाऱ्यापर्यंत जातो. शिकवणं, वाचणं, इतिहास सांगणं, फोटो दाखवणं याला अडचण नाही. आमंत्रणातले शब्द मात्र जपून वापरा. 'सेरेमनी', 'मायक्रोडोस', 'हीलिंग' असे शब्द छापले की कोण येणार तेही ठरतं आणि तुमच्याकडे कसं बघितलं जाणार तेही. अमुक वनस्पतीने तमुक रोग बरा होतो असं पत्रकावर लिहू नका. त्यासाठी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा वेगळा कायदा आहे. आणि चूर्ण, बिया, रोपं, कसलाच विक्रीचा स्टॉल नको. विक्री आली की बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे लोक हेतू शोधू लागतात.

पोलीस ठाण्यात आधी पत्र द्यावं का? हे ठाण्यावर अवलंबून आहे. कॉलेज किंवा वाचनालयाच्या लेटरहेडवर कार्यक्रमाची रूपरेषा दिली तर बहुतेक ठिकाणी सहकार्यच मिळतं. अनोळखी गटाने साध्या कागदावर 'नशा आणणाऱ्या वनस्पती' असं लिहून दिलं तर चौकशा वाढतात. म्हणून आधी एखादी संस्था बरोबर घ्या. फेरी अभयारण्यात असेल, समजा कळसूबाई-हरिश्चंद्रगड, तर वन्यजीव विभागाची परवानगी लागेल आणि नमुना तोडायचा नाही. देवराईत जायचं असेल तर गावाला आणि तिथल्या पुजाऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, त्याने जगाला या छोट्या रानांचं महत्त्व कळलं. पण ती रानं राखली ती गावांनी, परवानगी त्यांचीच.

आदिवासी जाणकारांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, मला त्यावर जास्त बोलायचं आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूला कोकणा, महादेव कोळी, वारली वस्त्यांवर झाडपाला जाणणाऱ्या आज्या आणि मामा आजही आहेत. त्यांना 'पाहुणे कलाकार' म्हणून आणू नका. आधी तुम्ही त्यांच्याकडे जा, दोन-तीनदा जा, काही न विचारता बसा. मग बैठकीचं सांगा, आणि काय सांगायचं, काय नाही, हे त्यांना ठरवू द्या. माझ्या ओळखीच्या एका आजी भाज्या, कंद, जखमेवरचा पाला सगळं मोकळेपणाने दाखवतात, पण बाळंतिणीच्या औषधाचं एक मूळ त्या कधीच दाखवत नाहीत. कुणी फार आग्रह केला तर मी मध्ये पडतो आणि पुढच्या झाडाकडे चालायला लागतो. त्यांचं मानधन प्राध्यापकाइतकंच, आणि जेवायला बसायच्या आधी हातात. येण्याजाण्याची गाडी आपली. व्हिडिओ काढायचा तर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारून, आणि काढलेला त्यांना दाखवून.

का इतकं जपायचं, याची एक गोष्ट मी बैठकीतच सांगतो. मेक्सिकोच्या ओआहाका भागात हुआउत्ला नावाच्या डोंगरी गावात मारिया साबिना नावाची मासातेक जमातीची बाई राहायची. आजाऱ्यासाठी रात्रभराचा विधी करायची, त्यात मशरूम असायचे. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यू यॉर्कचा बँकर तिच्या विधीला बसला आणि १९५७ मध्ये 'लाइफ' या प्रचंड खपाच्या साप्ताहिकात त्याने त्यावर लिहिलं. लेखात तिचं नाव बदललं होतं. तरी लोक गाव शोधत पोहोचलेच. शेकड्यांनी परदेशी तरुण आले, मागोमाग पोलीस आले, गावाने दोष तिला दिला, तिचं घर जाळलं गेलं. लेखाच्या पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्या मशरूममधलं सिलोसायबिन वेगळं काढलं, आणि आज जगभर ज्या औषधोपचारांची चर्चा आहे त्याचा धागा तिथे जातो. तिच्या वाट्याला मात्र गरिबीच आली. ज्याला कुणाला 'पारंपरिक ज्ञान जगासमोर आणायचं' असतं, त्याने ही हकीकत आधी ऐकावी.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नरक्या घ्या. आंबोली, चंदगड, राधानगरीच्या रानातलं, एरवी कुणी फारसं लक्ष न देणारं झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे, आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनवता येतात हे कळल्यावर चोरट्या तोडीने ते रानच्या रान उघडं पडलं. म्हणून माझ्या फेऱ्यांत मोबाइलमधलं लोकेशन बंद करायला लावतो, आणि दुर्मीळ वनस्पतीची जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही असं आधीच कबूल करून घेतो.

पण सगळंच लपवून ठेवावं असंही नाही. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. ते १९९७ मध्ये रद्द झालं, रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढे ठेवले म्हणून. लिहिलेलं होतं म्हणून वाचलं. तेव्हा काय नोंदवायचं आणि काय नाही हे गावाने ठरवावं, आणि त्याची जागा आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नोंदवही कपाटात धूळ खात असेल तर तुमचा गट ग्रामसभेच्या संमतीने ती जिवंत करायला मदत करू शकतो. अशा कामाने गावाला तुमचा उपयोग होतो, नुसतं तुम्हालाच गावाचा नाही.

परदेशातल्या संशोधनावर एक बैठक जरूर घ्या, पण मनोविकारतज्ज्ञ समोर असल्याशिवाय नको. ऑस्ट्रेलियाने २०२३ च्या जुलैपासून, उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन द्यायची परवानगी ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना दिली. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२० मध्ये मतदानाने देखरेखीखालच्या केंद्रांची वाट मोकळी केली. हे सांगताना दुसरी बाजू तितक्याच सविस्तर सांगावी लागते: अशा चाचण्यांत स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर असलेल्यांना सहसा घेत नाहीत, चालू औषधं तपासतात, सगळा वेळ प्रशिक्षित माणूस शेजारी असतो, आधी आणि नंतर बोलणी होतात. लिथियमचं औषध चालू असलेल्याला सिलोसायबिनने झटके येऊ शकतात, आयाहुआस्कासारख्या पेयाबरोबर नैराश्याच्या गोळ्या जीवावर बेतू शकतात. इंटरनेटवरच्या बातमीत फक्त 'नैराश्य बरं झालं' एवढंच उरतं. या बैठकीला अठरा वर्षांवरचेच बोलवा.

कुणीतरी हात वर करून विचारेलच, 'सर, किती घ्यायचं?' मी एकच उत्तर देतो: किती घ्यायचं ते इथे सांगितलं जाणार नाही, आणि काही झालं तर काय करायचं ते सगळं सांगितलं जाईल. विचारणाऱ्याला हिणवू नका. त्याला उठवून लावलंत तर तो ज्याच्याकडे जाईल तो माल विकणारा असेल. बैठक संपल्यावर अर्धा तास रिकामा ठेवा, चहा ठेवा, आणि डॉक्टर किंवा समुपदेशक यांना थांबायची विनंती करा. मागच्या खुर्चीवरची माणसं तेव्हाच पुढे येतात. त्यांना टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. आईवडील पोलिसांच्या भीतीने उपचार टाळत असतील, तर त्यांना सांगा की व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेली तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात एनडीपीएसच्या कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण आहे. नेमकं कसं, ते वकिलाला विचारायचं. पण असं काही आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ते ऐकून चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिलं आहे.

वेदांतला सोम म्हणजे नक्की कुठली वनस्पती, हा प्रश्नही हमखास येतो. तोच वॉसन १९६८ मध्ये म्हणाला की सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी. इतर अभ्यासक एफेड्रा या झुडपाकडे बोट दाखवतात, आणि आपल्याकडच्या सोमयागांत पानं नसलेली एक चिकाची वेल पर्याय म्हणून वापरतात. निकाल लागलेला नाही. हा विषय कुठल्याही बैठकीचा सगळा वेळ खाऊन टाकतो, म्हणून त्याला स्वतंत्र दिवस द्या आणि संस्कृत जाणणारं कुणी बोलवा.

व्हॉट्सॲप गट कराल तेव्हा एकच नियम पुरे: फोटोवरून 'खाऊ का?' याला कुणीही, मीसुद्धा, 'हो' म्हणायचं नाही.

बाकी वेळापत्रक ऋतूवर सोडा. महाशिवरात्रीच्या आसपास भांग आणि बेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरगाण्याकडे मोहाची फुलं वेचणाऱ्यांबरोबर एक पहाट, पावसाळ्यात अळंब्या. दर महिन्याला काहीतरी केलंच पाहिजे असं नाही. जिथे विषय नसेल तो महिना गावात नुसतं भेटायला जा. किती लोक घ्यायचे, हे जागेवर आणि तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. फेरीत मात्र एका जाणकारामागे पंधरा-वीसच्या वर नको, नाहीतर मागचे लोक काय तोडतायत ते दिसत नाही.

पहिली पत्रीची बैठक यंदा गणपतीच्या आधीच्या रविवारी जवळच्या वाचनालयात धरा. सामान फार लागत नाही: पत्रीची टोपली, दोन पांढऱ्या बशा, सात-आठ भिंगं, क्रमांक छापलेली पत्रकं, रुई आणि कण्हेर हाताळणाऱ्यासाठी हातमोजे, आणि दाराशी बादलीभर पाणी नि साबण. धोतऱ्याच्या बिया बशीत ठेवायच्या आधी मोजून ठेवा, आणि लोक जायच्या आधी पुन्हा मोजा.